जास्त ताकदीचे इंजिन आणि चुकीचा प्लग
अकोला-अमरावतीच्या मिस्त्री व पार्ट-विक्रेत्या बंधूंसाठी

अमरावतीत वलगाव रोडकडे असलेल्या एका लहानशा गॅरेजात आम्ही उन्हाळ्याच्या अखेरीस दोन तास बसलो होतो. गॅरेज चालवणारा मिस्त्री सव्वीस वर्षांचा आहे. हात त्याच्या चाचांनी अकोल्यात घडवला. अॅम्बेसेडर, फियाट आणि जीप या गाड्यांवर चाचांनी तीस वर्षे नाव कमावले आणि पुतण्याला पाना धरायला शिकवून अमरावतीला दुकान टाकून दिले. त्या दिवशी टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदात एक पिस्टन ठेवलेला होता. रिंगेच्या खोबणीची कड तुटलेली. शेजारी एक स्पार्क प्लग, त्याचे चिनी मातीचे टोक अर्धे गायब.

हकीकत थोडक्यात अशी. एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल आणि १२० पीएस ताकद असलेली गाडी त्याच्याकडे आली. मालकाची तक्रार होती, "ओव्हरटेक करतानी गाडी झटके देऊन राहिली." मिस्त्रीने प्लग काढले, जुने झालेले दिसले, नवे आणायला पोऱ्याला पाठवले. दुकानात त्याच कंपनीचे नव्हते. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे दिले. आटे तेच, लांबी तीच, पाना तोच, फक्त नंबर एकाने जास्त. मिस्त्रीने विचार केला की नंबर वाढला म्हणजे प्लग थंड, उलट चांगलेच. गाडी शहरात दोन महिने बिनतक्रार चालली. मे महिन्यात मालक कुटुंबाला घेऊन समृद्धी महामार्गाने शिर्डीकडे निघाला, १२० चा वेग धरला आणि दीड तासाने बोनेटखालून खडखडाट सुरू झाला.

इंजिन उघडल्यावर जे निघाले ते टेबलावर होते. मालक म्हणाला, खर्च तुझा. दुकानदार म्हणाला, तू मागितले ते मी दिले. शेवटी मोहल्ल्यातील दोन वडीलधाऱ्यांनी बसून तोड काढली : मजुरी मिस्त्रीने सोडायची, पार्टचा निम्मा खर्च सहा हप्त्यांत द्यायचा.

चूक कोणाची, हे आम्ही ठरवायला बसलो नाही. पण चूक कशी झाली हे प्रत्येक मिस्त्रीला आणि काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला कळायला हवे, कारण अशा गाड्या आता आपल्या दारात रोज येऊ लागल्या आहेत. कंपनीची वॉरंटी संपली की मालक शोरूम सोडतो आणि आपल्याकडे वळतो. हे गिऱ्हाईक टिकवायचे की घालवायचे, हा प्रश्न आहे.

चाचांच्या काळातील हिशोब

अॅम्बेसेडरचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर देई. फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, चाळीसच्या आसपास. प्लग मागायचा तर दुकानात "मायको द्या" एवढेच म्हणत. १९५१ साली बंगलोरला सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ते नाव. २००८ मध्ये कंपनीने बॉश हे नाव घेतले तरी जुने मिस्त्री अजून मायकोच म्हणतात. पॉइंट घासायचा, गॅप लावायचा, कंडेन्सर बदलायचा, डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवून कानाने टायमिंग पकडायचे आणि सोलेक्स कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा इकडे-तिकडे. प्लग थोडा गरम-थंड झाला तरी इंजिन माफ करायचे, कारण त्याच्यावर ताणच कमी होता.

आज तेवढ्याच दीड लिटरमधून स्कोडा-फोक्सवॅगनचे टीएसआय इंजिन १५० पीएस काढते. महिंद्रचे दोन लिटरचे एमस्टॅलियन इंजिन थारमध्ये सुमारे १५० तर एक्सयूव्ही ७०० मध्ये २०० पीएस देते. ह्युंदाईचे एक लिटर टर्बो आणि टाटा नेक्सॉनचे १.२ लिटर टर्बो १२० देतात. म्हणजे तेवढ्याच सिलिंडरातून तिप्पट काम घेतले जात आहे. ही ताकद टर्बो देतो. तो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो, जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जळते आणि तेवढी उष्णता प्लगच्या टोकावर येते. माफी देणारे इंजिन आता राहिले नाही.

नंबर उलटे चालतात

आता त्या प्लगकडे येऊ. प्लगचे टोक चालताना साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवे. त्याखाली राहिले तर काजळी जळत नाही, ती साचते आणि ठिणगी तिच्यातून पळून जाते. त्याच्या फार वर गेले तर टोक निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटवते. पिस्टन वर येत असतानाच स्फोट झाला तर काय होते, ते आम्ही टेबलावर पाहिले.

प्लग "गरम" की "थंड" हे त्याच्या ठिणगीवर ठरत नाही. आतील चिनी मातीचे नाक लांब असेल तर उष्णता हेडमध्ये जायला वेळ लागतो, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो थंड प्लग. एका पायरीचा फरक म्हणजे टोकावर सुमारे ७० ते १०० अंशांचा फरक. जास्त ताकदीच्या इंजिनाला थंड प्लग लागतो, हे आपल्या मिस्त्रीला ठाऊक होते. घोटाळा नंबरात झाला.

एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांत नंबर जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात नेमके उलटे, नंबर मोठा तितका प्लग गरम. शिवाय एनजीकेचा ५ म्हणजे डेन्सोचा साधारण १६, एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २० आणि ७ म्हणजे २२. एका कंपनीचा सात आणि दुसऱ्या कंपनीचा आठ यांची तुलना म्हणजे किलो आणि पायली यांची तुलना होय. आमच्या मिस्त्रीने एक पायरी थंड समजून जो बसवला तो प्रत्यक्षात दोन-तीन पायऱ्या गरम होता. आटे जुळले म्हणून प्लग बसला आणि बसला म्हणून चालेल असे वाटले. म्हणून कंपनी बदलायचीच असेल तर दोन्ही कंपन्यांच्या तक्त्यांत त्या गाडीचे नाव, इंजिन आणि वर्ष पाहून नंबर काढावा, एकीच्या नंबरावरून दुसरीचा अंदाज बांधू नये. तक्ते आज मोबाइलवर फुकट मिळतात.

नंबराबरोबर "आर" हे अक्षरही पाहावे. ते आत रेझिस्टर असल्याची खूण आहे. अॅम्बेसेडरला रेझिस्टर नसलेला प्लग लावला तर फार तर रेडिओ खरखरे. आजच्या गाडीत तीच विजेची खरखर इंजिनाच्या कंप्युटरला चुकीचे इशारे देते आणि मिस्त्री सेन्सर बदलत बसतो.

गॅप आणि पाना

टर्बो नसलेल्या बहुतेक आधुनिक गाड्यांत प्लगचा गॅप एक मिलिमीटरच्या आसपास असतो, टर्बोत बहुधा ०.७ ते ०.८. कारण सोपे आहे. हवा जितकी दाबलेली तितकी तिच्यातून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. म्हणून गावात गाडी गुपचूप चालते आणि ओव्हरटेकला पाय दाबला, टर्बोचा दाब वाढला की ठिणगी हरते आणि झटका बसतो. झिजलेल्या प्लगचा गॅप वाढलेला असतो, नव्याचा कमी. म्हणून नवा चुकीचा प्लगसुद्धा चार दिवस गाडी सुधारल्याचा भास देतो. आमच्या मिस्त्रीला हाच भास झाला.

इरिडियम प्लगचे मधले टोक अर्धा मिलिमीटरच्या जवळपास असते. त्याला तारेचा ब्रश लावू नये, कानस तर मुळीच नाही. गॅप लावताना मधल्या टोकावर जोर देऊ नये, वाकवायचेच तर बाहेरचे आकडे, तेही काळजीने. जुना पॉइंट घासणारा हात इथे सवयीने चुकतो.

कसण्याबाबतही तेच. हेड आता अॅल्युमिनियमचे आहे. १४ मिलिमीटरच्या प्लगला सुमारे २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० एवढाच ताण लागतो. टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकेपर्यंत फिरवून प्लगच्या डबीवर जेवढा फेरा लिहिला असेल तेवढाच द्यावा. ढिला राहिलेला प्लगही जळतो, कारण त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. इंजिन गरम असताना प्लग काढू नये, आटे सोबत निघून येतात. आणि प्लग सोडण्याआधी खड्ड्यातील धूळ हवेने उडवावी. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ सिलिंडरमध्ये पडली तर ती घासायच्या भुकटीचे काम करते.

जुना प्लग फेकू नका, वाचा. टोक भुरकट किंवा फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येते आहे. पांढरा फटक आणि त्यावर बारीक फोड म्हणजे धोका. असा प्लग गिऱ्हाइकाला दाखवावा. सिलिंडरच्या क्रमाने ओळीत मांडून मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर पुढे वाद होत नाही.

एका कॉइलऐवजी चार का?

हा प्रश्न चाचांनीच विचारला. उत्तर हिशोबात आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. एकाच कॉइलने त्या द्यायच्या तर दर ठिणगीसाठी तिला एक सेकंदाचा दोनशेवा भाग मिळतो. तेवढ्यात ती पूर्ण भरत नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवली की तिला चौपट वेळ मिळतो आणि ठिणगीत जोर येतो. डिस्ट्रिब्यूटर, कॅप आणि लांब वायरींची गळतीही संपते.

या कॉइलचे दुखणे बहुधा तिच्या रबरी टोपीत असते. टोपीला बारीक चीर पडली की ठिणगी प्लगऐवजी चिरेतून हेडला जाते. चिनी मातीवर उभी काळी रेघ दिसली तर समजावे. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचले असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचे सील गेले आहे; ते न बदलता नवी कॉइल घातली तर तीही जाते.

कॉइल ओळखण्याची फुकटची रीत अशी. स्कॅनरवर पी ०३०२ हा कोड आला म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतो. दोन नंबरची कॉइल एक नंबरला आणि एकची दोनला लावावी, कोड पुसून गाडी चढावर न्यावी. कोड पी ०३०१ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल खराब. दोनवरच राहिला तर कॉइल चांगली. प्लग, इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन पाहावे. आमच्या मिस्त्रीच्या गाडीत मूळ आजार दोन नंबरच्या कॉइलच्या टोपीत होता, तो इंजिन उघडल्यावर सापडला. प्लगना हात लावण्याआधी दहा मिनिटे ही अदलाबदल केली असती तर प्लगची गोष्टच निघाली नसती.

हवा : वऱ्हाडची खरी परीक्षा

एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ-दहा हजार लिटर हवा लागते. म्हणजे इंजिन जेवढे पेट्रोलवर चालते त्याहून अधिक हवेवर चालते, आणि आपली हवा कशी आहे? उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांच्या हवेत सुमारे ६ टक्के कमी जीव असतो, कारण ती विरळ होते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढला की अकोल्यापेक्षा आठशे मीटर वर जातो आणि हवेचा दाब साधारण ९ टक्के आणखी घटतो. टर्बो ही तूट भरून काढायला जास्त जोराने फिरतो, त्यामुळे पाइपातील सर्वांत लहान गळतीही घाटात बोलू लागते.

त्यात धूळ, आणि जिनिंगच्या हंगामात रुईचे तंतू. जिनिंग फॅक्टरीच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर उघडून पाहावा, वर गोधडी पांघरल्यासारखी दिसते. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले किलोमीटर चांगल्या रस्त्यासाठी आहेत. धुळीच्या भागात निम्म्यावर तपासणी करावी. कागदी फिल्टरला बाहेरून जोराची हवा मारू नये, कागदाला छिद्रे पडतात आणि धूळ सरळ टर्बोच्या पंख्यावर जाते.

तरुण मंडळी आता तेल लावलेला जाळीचा उघडा फिल्टर मागतात. आवाज चांगला येतो, हे खरे. पण तो बोनेटखाली उघडा बसला की बाहेरची ४५ अंशांची हवा सोडून इंजिनाशेजारची ७० अंशांची हवा ओढतो. तिच्यात आणखी ७ टक्के जीव कमी. तेल जास्त लागले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसते आणि पेट्रोलचा हिशोब चुकतो. आमच्या मते वऱ्हाडात कंपनीची बंद पेटी, तिचा पुढून हवा घेणारा पाइप आणि चांगला कागदी फिल्टर याहून सरस काही नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर इंटरकूलरचे पाइप आणि क्लॅम्प यांवर करावेत. पिकअप गेला आणि सुस्कारा ऐकू येतो अशी तक्रार असेल तर आधी हेच पाइप साबणाच्या पाण्याने तपासावेत.

थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर कित्येक गाड्यांची रेसिंग वर-खाली होते. तिथे स्कॅनरने पुन्हा शिकवणी द्यावी लागते. आणि ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तिथे इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवर ऑइलची काजळी जमते. टाकीत ओतायचे औषध तिथे पोहोचतच नाही. औषधाची बाटली विकणाऱ्याने हे सांगितले पाहिजे, निदान आपल्या लोकांनी तरी.

ताकद आणखी वाढवायची झाली तर

"मॅप" बदलून किंवा डबी लावून ताकद वाढवून द्या, अशी मागणी आता अकोल्यातही होते. साधारण नियम असा सांगतात की ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली तर प्लग एक पायरी थंड करावा आणि गॅप थोडा कमी. पण आमचा सल्ला हे काम न घेण्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील आणि मूळ रचना बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी काय विचारील, हे वेगळे सांगायला नको.

दुकानदार बंधूंसाठी

आपल्या बाजारात नकली प्लग येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. छपाई नखाने निघते, मधले टोक आकड्याच्या मध्यावर नसते, वॉशर सहज गळून पडतो, आट्यांवर खरखर असते, इरिडियम म्हणून विकलेल्याचे टोक जाड असते. भाव मात्र फार गोड असतो. ट्रेड मार्क्स कायदा १९९९ च्या कलम १०४ प्रमाणे खोट्या मार्कचा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. आपण काळजी घेतली होती, संशय यायला कारण नव्हते आणि माल कोणाकडून घेतला ते सांगितले, असे सिद्ध करणाऱ्याला कायदा सोडतो. यासाठी खरेदीचे पक्के बिल हवे. "त्यांच्याकडून नेहमीच घेतो" हे बिल नव्हे.

पार्ट देताना गाडीचे नाव पुरत नाही. वर सांगितलेल्या महिंद्रच्या उदाहरणात दोन गाड्यांचे इंजिन एकाच घराण्याचे, ताकद वेगळी. चेसिस नंबर विचारावा, जुना प्लग मागवावा आणि बिलावर पूर्ण नंबर लिहावा. बिल लिहायला एक मिनिट लागते, आणि त्या दिवशी अमरावतीत ते एक मिनिट कोणाला सुचले नाही.

भावाचेही एक. स्पार्क प्लग आणि कॉइल यांच्यावर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. असली आणि नकली मालातील अंतर तेवढे कमी झाले आहे, हे गिऱ्हाइकाला सांगता येते.

आमच्या मिस्त्रीने आता टॉर्क पाना घेतला आहे आणि भिंतीवर दोन्ही तऱ्हेच्या नंबरांचा तक्ता हाताने लिहून चिकटवला आहे. चाचा मागच्या महिन्यात अकोल्याहून आले तेव्हा तो पाना हातात घेऊन त्यांनी ठरलेल्या ताणावर होणारा "कट्" आवाज तीन वेळा ऐकला आणि विचारले, "अन् बिघडला तं दुरुस्त कोठी होते?" सहा हप्त्यांपैकी चार फिटले आहेत. गाडी सर्व्हिसिंगला अजून त्याच्याकडेच येते.